बाबांनी केलेले भुताचे दात

आमच्या घरात देव नव्हते, म्हणून भुतंही नव्हती. बाबांचं म्हणणं साधं होतं: एक नाकारलं की दुसऱ्याचं काही कामच उरत नाही. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली फळीवर रेडिओ, त्याच्या शेजारी माझी पुस्तकं. चाळीत कुणी दारावर लिंबू-मिरची टांगली की बाबा आतूनच म्हणायचे, "अडाणीपणा नुसता!" आणि ते त्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायचे. अशा माणसाने माझ्या बारावीच्या वर्षी एका भुताचे दात केले. आठ दिवस खपून केले. आणि इतके चांगले केले की सिनेमावाल्यांवर डोक्याला हात लावायची पाळी आली.

बाबांचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही अंबरनाथला राहायचो आणि बाबा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, एका सिंधी दातांच्या डॉक्टरकडे कामाला जायचे. डॉक्टर पुढे, खुर्ची आणि दिवा घेऊन. मध्ये पडदा. पडद्यामागे बाबा, एक टेबल, एक घासायचं मशीन आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे, बाबा त्यावरून प्लास्टरचा साचा करायचे, साच्यावर मेणाची हिरडी चढवायचे, त्यात एकेक दात लावायचे आणि मग पक्की कवळी. माणसाचं तोंड मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. पेशंट असताना पडद्याच्या पुढे यायचं नाही, अशी तिथली पद्धतच होती. बाबा फक्त ऐकायचे. कवळी बसवली की डॉक्टर म्हणायचे, "साईं, साठ से गिनो." पेशंट म्हणायचा, साठ, इकसठ, बासठ. 'स' स्वच्छ आला तर आतून काही आवाज नाही. शिट्टी वाजली तर टेबलावर दोन टिचक्या. मग डॉक्टर कवळी काढून पडद्याआड द्यायचे आणि बाबा ती परत घासायला घ्यायचे.

त्यांचा एक हट्ट होता. कवळीकडे कुणाचं लक्ष गेलं तर ती कवळी फेल. लोक यायचे आणि म्हणायचे, पांढरेशुभ्र करा, हिरोसारखे. बाबा नाही करायचे. साठीच्या माणसाला साठीचेच दात द्यायचे, थोडे झिजलेले, चहाने पिवळट झालेले, एखादा किंचित वाकडा. डॉक्टर वैतागायचे, पण ती कवळी घातलेला माणूस घरी गेला आणि सुनेने ओळखलंच नाही, असं कुणी येऊन सांगितलं की डॉक्टर तेच पुढच्या दहा जणांना सांगत बसायचे.

मला या सगळ्याची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू? कॉलेजात मुलींना कळलं की मी इकडची, की एखादीचं पेन चाललं नाही तरी ती माझ्याकडे बघून म्हणायची, "उल्हासनगरचं असणार!" तेव्हा उल्हासनगर म्हणजे नकली माल असंच समीकरण होतं. डबीवर परदेशी नाव, आत इथलीच वस्तू. आणि माझे वडील काय करतात? नकली दात. मी सांगायचे, "मेडिकल लाइनमध्ये आहेत." लोकांना वाटायचं औषधांचं दुकान असेल, आणि मी तसं वाटू द्यायचे.

आता आत्या. बाबांची मोठी बहीण, त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. आजी-आजोबा बाबांच्या लहानपणीच गेले. आत्याचा नवरा लग्नानंतर वर्षभरातच वारला, आणि ती परत आली ती भावाला सांभाळायला. बदलापूरला वीटभट्टीवर विटा वाहून तिने बाबांना मॅट्रिक केलं. पुढे ती कुळगावात एका खोलीत एकटीच राहिली. आमच्याकडे ये म्हटलं की म्हणायची, "तुमच्या त्या डबीत मी नाय मावायची." आणि हसायची. तिचं हसणं असं होतं की शेजारच्या खोलीतली माणसं कारण न कळताच हसायला लागायची. वस्तीत लग्न असलं की तिला आधी बोलावणं. नवऱ्या मुलाची फिरकी घ्यायला तिच्यासारखं कुणी नव्हतं.

तिचे दात गेले मशेरीने. हिरड्या सुजल्या, एकेक दात हलायला लागला, आणि एका उन्हाळ्यात डॉक्टरांनी उरलेले सगळे काढून टाकले. तेव्हापासून आत्याचा पदर तोंडावर गेला तो गेलाच. बोलणं कमी, हसणं बंद, लग्नांना जाणं बंद. भाकरी चहात कुस्करून खायची, तीही अर्धी. वर्षभरात ती निम्मी झाली. पोलकं अंगावर लोंबायला लागलं.

बाबांनी तिची कवळी केली नसेल का? केली होती की. दात काढले त्याच वेळी डॉक्टरांनी माप घेतलं होतं. बाबांनी महिनाभर जीव ओतून ती कवळी केली. आत्याचा एक दात दुसऱ्यावर थोडा चढलेला होता, तोसुद्धा तसाच चढवला. कुळगावला घेऊन गेले, तर आत्याने डबी हातात घेतली, उघडली, आणि नाक मुरडून परत बंद केली.

"कुना मेल्याच्या तोंडातलं काडून आनलं आसंल. मी नाय घालायची."

"आक्का, मी केलेत ते! दात पाकिटात येतात, कारखान्यातून."

"आनि कारखान्यात कुठनं येतात?"

अशी समजूत तेव्हा खूप जणांची होती, की कवळीतले दात मेलेल्या माणसांचे असतात. पण आत्याने ते म्हणावं? जिने स्वतः दीक्षा घेतलेली, जी गंडेदोरे करणाऱ्या बायकांना दारातून हाकलायची, तिने? बाबा तिला समजावून थकले, चिडले. अख्ख्या उल्हासनगरच्या तोंडात ज्याने दात बसवले, त्याच्या बहिणीचं तोंड बोळकं. दर रविवारी ते कुळगावला जायचे आणि परत आल्यावर आईने विचारायच्या आधीच मान हलवायचे. त्यांना दुसरं काही नको होतं. आक्काने पोटभर जेवावं, एवढंच.

नेमके त्याच दिवसांत मुंबईचे सिनेमावाले दवाखान्यात आले. एक प्रॉडक्शन मॅनेजर आणि एक नट. एका इंग्रजी रक्तपिपासू भुताच्या सिनेमाचं हे लोक हिंदी करणार होते, आणि भुताला सुळे हवे होते. मुंबईत परवडत नव्हतं, म्हणून उल्हासनगर. डॉक्टरांनी नटाचं माप घेतलं. पडद्याआडून बाबांनी एवढंच ऐकलं, की तो माणूस फार हळू आणि गोड बोलतो आणि गेले दोन दिवस त्याचं पोट बिघडलंय.

घरी आल्यावर बाबांनी मला विचारलं, "तू म्हणालीस ना, मैत्रिणीकडे व्हिडिओवर तो इंग्रजी भुताचा पाहिला म्हणून?"

मी चपापले. ते मी आईला सांगितलं होतं, बाबांना नाही.

"त्याचे दात कसे होते?"

मी सांगितलं. खालच्या ओठावर दोन खिळे लोंबतात तसे. तोंड धड मिटत नाही. अख्ख्या सिनेमात मोजून चार वाक्यं बोलतो, तीही कुजबुजत. बर्फ, किल्ला, काळा झगा. मी आणि मैत्रीण घाबरून एकाच गोधडीत शिरलो होतो, हे मात्र सांगितलं नाही.

"बाइट चुकलाय त्याचा, दातावर दात बसत नाही," बाबा म्हणाले. "म्हणून बोलत नाही तो. खातो काय?"

"रक्त पितो."

"मग प्यायला दात कशाला लागतात?"

आई स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होती. "भूत मानत नाही म्हणे. आणि त्याच्या जेवणाची काळजी!"

बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. कागदावर चित्र काढत बसले. मी वैतागले होते. आधीच नकली माल, त्यात इंग्रजी सिनेमाची नक्कल, त्यात त्या नकलेला लागणारे नकली दात आमच्या घरात. बरं झालं कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं.

आठ दिवसांनी दात तयार झाले, आणि मग झाली गंमत. बाबांनी ते कवळीसारखेच केले होते. नटाच्या स्वतःच्या दातांवर अलगद बसणारे, त्याच्या चहा-सिगरेटच्या रंगाचे. तोंड मिटलं तर काही दिसायचं नाही. बोलला तरी दिसायचं नाही. फक्त खळखळून हसला तर दोन सुळे बाहेर! नट खूश. त्याने तिथेच खिशातून शेंगदाणे काढून चावून दाखवले. मॅनेजर मात्र दोन दिवसांनी परत आला तो आरडाओरडा करत.

"टेस्ट लिया, कैमरे में कुछ दिखता ही नहीं! भूत है कि बैंक का क्लर्क?"

डॉक्टर पडद्याकडे वळून म्हणाले, "साईं, ये बोलते हैं, असली लगता है. यही प्रॉब्लम है."

पडद्याआडून बाबा म्हणाले, "असली लगना ही चाहिए."

मॅनेजर म्हणाला, दुसरे करा, मोठे करा, बाहेर आलेले करा. पण बारवी धरणाजवळ बंगला घेतलेला, दुसऱ्या दिवसापासून शूटिंग. वेळच नव्हता. तो हात झटकत निघून गेला. पास पाठवतो म्हणाला होता, ते काही आले नाहीत. पुढे काय झालं ते आम्हाला जवळजवळ वर्षभर कळलं नाही. बाबांनी धरून टाकलं की त्यांनी दुसरीकडून दात करून घेतले असणार. त्यांनी आठवडाभर रेडिओ लावला नाही.

मग एके दिवशी कॅम्पात पोस्टर लागलं. भुताच्या तोंडातून हनुवटीपर्यंत सुळे आलेले, त्यातून रक्त ठिबकतंय. बाबा पोस्टरसमोर उभे राहिले, चष्मा वर करून जवळून बघितलं, आणि म्हणाले, "हे माझे नाहीत." विषय संपला.

संपला असता. पण त्या रविवारी आत्या आमच्याकडे आली होती. तिला कळलं तशी ती पदराआडूनच ठसक्यात म्हणाली, "माज्या भावानं काम केलंय, मी बगनार."

"आक्का, ते दात माझे नाहीत."

"तुला काय ठाव? बगितलंस?"

बाबा आईला म्हणाले, "बघ. भुताच्या तोंडातले चालतात हिला. स्वतःच्या तोंडात नकोत."

तरी गेलोच. दुपारचा तीनचा खेळ. लोकलने विठ्ठलवाडी, तिथून शेअर रिक्षात चौघं दाटीवाटीने, आत्या मध्ये, पदर तोंडावर. थिएटर भरलेलं. जीन्सच्या कारखान्यांना सुट्टी असल्याने कारागीर घोळक्याने आलेले, सिंधी कुटुंबं डबे घेऊन आलेली. मी खुर्चीत अंग चोरून बसले होते. कॉलेजातलं कुणी दिसू नये म्हणून.

पहिली दहा मिनिटं मी सांगितल्यासारखीच. किल्ल्याच्या जागी धरणाजवळचा बंगला, काळ्या झग्याच्या जागी शाल पांघरलेले ठाकूरसाहेब, आणि दोरीवरचं वटवाघूळ, ज्याची दोरी बाल्कनीतूनसुद्धा दिसत होती. लोक शिट्ट्या मारत होते. मी म्हटलं, झालं, अब्रू गेली. आणि मग ठाकूर जेवायला बसले.

हो, जेवायला! भूत पाटावर बसून जेवत होतं. गावात माणसं मरतायत, सगळ्यांना संशय की या बंगल्यात भूत आहे, पण ठाकूर सगळ्यांसमोर भाकरी मोडून खातात, मधुर बोलतात, एक गाणंही म्हणतात. तोंडात काही म्हणजे काही दिसत नाही. फक्त बंगल्याच्या म्हाताऱ्या आचाऱ्याने एकदा चोरून पाहिलेलं असतं की मालक एकटेच हसले आणि दोन सुळे बाहेर आले. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मग तो ठरवतो, मालकांना चारचौघांत हसवायचं.

बाबांनी माझा हात घट्ट धरला. "माझेच आहेत," ते म्हणाले. "अगं, माझेच!"

दात दिसत नाहीत म्हणून त्या लोकांनी गोष्टच फिरवली होती! मला अजूनही नवल वाटतं त्या माणसांचं. दुसऱ्या कुणी ते दात फेकून दिले असते. यांनी अख्खा सिनेमा त्यांच्याभोवती गुंडाळला. पुढचा दीड तास सगळं गाव मिळून भुताला हसवायच्या मागे. आचारी साडी नेसून नाचतो, ठाकूर शालीचं टोक तोंडावर धरतात. बहुरूपी येतो, ठाकूर मान वळवतात. ओठ थरथरतात, थिएटर श्वास रोखून धरतं, आणि ठाकूर खोकून वेळ मारून नेतात. "हँसा दे उसको!" मागून कुणी ओरडलं. बाल्कनीतून एका सिंधी काकांनी उभं राहून चक्क विनोद सांगायला सुरुवात केली. मीही ओरडत होते. कॉलेजातलं कुणी आहे का हे बघायचं विसरूनच गेले होते. तो इंग्रजी सिनेमा पाहून मी घाबरले होते, पण हा संपू नये असं वाटत होतं.

शेवटी आचारी हरतो. पायरीवर बसून रडायला लागतो, रडता रडता एक लाडू चावतो, आणि त्याची कवळीच लाडवात अडकून बाहेर येते. तो लाडवाकडे बघतो. लाडू दात विचकून त्याच्याकडे बघतो. आणि पडदाभर ठाकूर हसले! आ वासून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, आणि ते दोन सुळे, प्रत्येकी हातभर, थोडेसे पिवळट.

थिएटर कोसळलं. बाबा पुटपुटले, "डावा जरा पुढे आलाय." मग म्हणाले, "ती आचाऱ्याची कुणी केली कुणास ठाऊक, इतकी सैल!" मी त्यांच्याकडे बघून हसत होते आणि मला पलीकडून एक आवाज आला. वर्षभर न ऐकलेला. आत्या हसत होती. पदर मांडीवर पडला होता, बोळकं उघडं, दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरून ती गदागदा हलत होती, आणि पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून तिच्याकडे बघून आणखी हसत होती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी पडद्याकडे बघणंच सोडलं होतं.

भुताला हसू आवरतच नाही. हसता हसता सकाळ होते, ऊन अंगणात येतं, आणि ठाकूर तसेच हसत हसत विरघळून जातात. इंग्रजीत त्याच्या छातीत खुंटी ठोकली होती. मला विचाराल तर आमच्या मरणात जास्त दम होता.

बाहेर आलो तेव्हा आत्याने पदर परत तोंडाला लावला होता. रिक्षात ती म्हणाली, "गुनी मानूस त्यो ठाकूर. किती वर्सांनी हसला आसंल."

मला राहवलं नाही. माझी जीभ तेव्हा फार चालायची. "आत्या, एक सांग. असले सुळे कुठल्या मेलेल्याला होते गं? बाबांनी ते केले हे आत्ता डोळ्यांनी पाहिलंस ना? मग तुझे तेवढे मेलेल्याचे कसे?"

आई मला कोपराने ढोसत होती. आत्या म्हणाली, "मेल्याचं नायत. ठाव हाय मला."

"मग?" बाबांनी विचारलं.

"इथं नको," ती म्हणाली, आणि बाहेर बघत बसली.

पुढच्या रविवारी बाबा सामानाची पिशवी घेऊन कुळगावला गेले. मीही गेले. वर्षभरात आत्याच्या हिरड्या आत बसल्या असणार, जुनं माप चालणार नाही, नवीन घ्यावं लागेल. डॉक्टर नको, असं तिने निरोप धाडला होता. म्हणजे बाबांनाच तोंडात बघावं लागणार होतं. वीस वर्षं कवळ्या करणारा माणूस, पण जिवंत तोंड त्यांनी पहिल्यांदा बघायचं होतं ते बहिणीचं. त्यांनी तीनदा हात धुतले. मापाचा मसाला वाटीत कालवला, तो जबड्याच्या आकाराच्या पळीत भरला, आणि म्हणाले, "आ कर, आक्का."

तिने तोंड घट्ट मिटलेलं.

"आ कर गं. मसाला घट्ट होतो लगेच."

"तू बगितलंस की तुला कळंल," ती म्हणाली. "तुला जबडं बगून मानूस कळतं. पिलास्टरात नुसता आकार येतो, पन कवळी बशिवताना तू आत बगितलं आसतंस, म्हनून मी तुला बगू देत नवते."

"काय कळेल? मशेरीने वाट लावलीस ते? ते मी वीस वर्षं सांगतोय तुला. किती वेळा म्हटलं, सोड ती मशेरी..."

"भूक लागायची रे," आत्या म्हणाली.

बाबांनी पळी खाली घेतली.

ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. भट्टीवर असताना दिवसाला दोन भाकऱ्या व्हायच्या, पीठच तेवढं. एक तू शाळेत जाताना, एक तू आल्यावर. मशेरी लावली की भूक मरते, मुकादमाच्या बायकोनं सांगितलं. मग सवय लागली, ती लागलीच. "तुला कळलं आसतं, तर तू कदी सुखानं जेवला आसतास का? म्हनून मेल्याचं दात म्हनलं. काय तरी म्हनायचं."

पळीतला मसाला घट्ट होऊन गेला होता. बाबा मसाल्याचा कणही वाया घालवत नसत. ते पळी तशीच हातात धरून बसून राहिले. ज्या मशेरीसाठी ते तिला इतकी वर्षं घालूनपाडून बोलले, चारचौघांत बोलले, एकदा आईसमोर "अडाणी" म्हणाले, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी दारात उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मला माझीच लाज वाटत होती. मेडिकल लाइन म्हणे!

शेवटी आत्याच वैतागली. "बसलास काय? कालव की दुसरं."

बाबांनी दुसरा मसाला कालवला. त्यात पाणी जास्त पडलं, मग तिसरा कालवला. "आ कर," ते म्हणाले. आत्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. बाबांनी डाव्या हाताने तिचा गाल धरला आणि बराच वेळ आत बघत राहिले. काय बघितलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही परत कुळगावला गेलो, बाबा कवळी घेऊन. बसवली, काढली, कानशीने जरा घासली, परत बसवली. तिसऱ्यांदा आत्या म्हणाली, "आता टोचत नाय." आणि स्वतःच दचकली, कारण शब्द पूर्वीसारखे आले होते. मी स्टोव्हवर भाकऱ्या टाकत होते. माझी भाकरी कधी गोल व्हायची नाही, तेव्हाही झाली नव्हती. आत्याने ताट पुढे ओढलं. आधी छोटा तुकडा, डावीकडे चावला, मग उजवीकडे. मग मोठा. सोबत सुक्या बोंबलाची चटणी होती, तिला आवडायची तशी झणझणीत. पदर खांद्यावर होता. आम्ही दोघं टक लावून बघत होतो.

"काय बगताय? नाटक हाय का?" ती खेकसली.

आम्ही दुसरीकडे बघितलं. नुसता चावण्याचा आवाज येत होता. बाबा भिंतीकडे तोंड करून तो ऐकत होते. आत्याने भाकरी संपवली, ताटातली चटणी बोटाने पुसून घेतली, पाणी प्यायली. मला वाटलं, आता ताट उचलेल. तिने ते तसंच पुढे सरकवलं.

"अजून एक दे," ती म्हणाली.

मी उठायच्या आत बाबा उठले, आणि तव्यावरची गरम भाकरी त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या ताटात वाढली.